राजाची वाट पाहताना : एका लॅटिन धातुसाधिताची गोष्ट



आज व्याकरण आहे. पण लगेच पळू नका. सुट्टीत घरी गेले की कोणीतरी हमखास विचारतं, "लॅटिन शिकून नेमकं काय मिळतं गं?" त्याचं एक उत्तर आज देणार आहे. आणि खरं सांगायचं तर आजच्या विषयातले काही शब्द तुम्ही रोज बोलता. पेशंट, एजंट, स्टुडंट, प्रेसिडेंट. आपल्याकडे हे इंग्रजीतून आले, म्हणून आपण त्यांना इंग्रजी समजतो. मुळात ती लॅटिन क्रियापदांची वर्तमानकालवाचक धातुसाधितं आहेत. पेशंट म्हणजे ‘सोसणारा’, एजंट म्हणजे ‘करणारा’, स्टुडंट म्हणजे ‘एखाद्या गोष्टीच्या मागे मन लावून लागलेला’ आणि प्रेसिडेंट म्हणजे ‘पुढे बसणारा’. शेवटचा ‘न्ट’ चौघांतही आहे. आजची गोष्ट त्या ‘न्ट’चीच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: माझं संशोधन नवव्या-दहाव्या शतकातल्या कॅटलोनियातल्या सनदांवर आहे. कॅटलोनिया म्हणजे बार्सिलोना, जिरोना, ओसोना, उर्जेल, सेर्दान्या वगैरे काउंटांची छोटी छोटी राज्यं, पिरेनीज पर्वताच्या दोन्ही अंगांना. इ.स. ८०१ मध्ये फ्रँक लोकांनी बार्सिलोना जिंकलं, तेव्हापासून हा मुलूख कागदोपत्री फ्रँक राजांचा. माझा प्रश्न सोपा आहे: या सनदांवर तारीख कशी घालत, आणि त्या तारखेतून लिहिणाऱ्याला काय सांगायचं होतं?

पहिल्याच वर्षी मी त्यात सपशेल आपटले. एका सनदेच्या शेवटी ‘रेगे एक्स्पेक्तंते’ असे दोन शब्द होते. पाठ्यपुस्तकाप्रमाणे मी अर्थ लावला, ‘राजा वाट पाहत असताना’, आणि त्यावर दोन पानं लिहून टाकली: हा राजा म्हणजे तरुण चार्ल्स, तो राज्याभिषेकानंतरही सत्तेची वाट पाहत होता, वगैरे वगैरे. मार्गदर्शकांनी समासात लाल पेनाने एवढंच लिहिलं: "कोण वाट पाहतंय?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक अख्खं प्रकरण उभं राहिलं. तेच आज तुम्हाला सांगते.

सनद दिसते कशी?

राजाच्या भव्य ताम्रपटासारखं काही डोळ्यांसमोर आणू नका. बहुतेक सनदा साध्या खरेदीखतांसारख्या आहेत. अमुक माणूस आणि त्याची बायको आपला द्राक्षमळा तमुक माणसाला विकतात, मग चतुःसीमा, पूर्वेला याची जमीन, दक्षिणेला ओढा, पश्चिमेला रस्ता, मग किंमत, मग विक्री मोडणाऱ्याला दंड. शेवटी तारीख, साक्षीदारांच्या खुणा आणि लिहिणाऱ्याचं नाव. लिहिणारा बहुधा एखादा पाद्री. आपल्या जुन्या खतांची ज्याला सवय आहे, त्याला हे वाचताना अजिबात परकं वाटणार नाही.

तारीख मात्र वेगळी. महिना आणि दिवस रोमन पद्धतीने, आणि वर्ष राजाच्या कारकिर्दीचं: ‘अमुकाव्या वर्षी, रेग्नंते कारोलो रेगे’. म्हणजे ‘कार्ल राजा राज्य करत असताना’. या ‘रेग्नंते’त अख्खं राजकारण भरलंय. ते दिसायला आधी थोडी रूपं पाहावी लागतील.

रेग्नान्स चालवू या

‘रेग्नो’ म्हणजे मी राज्य करतो. त्याला ‘न्त्’ जोडला की ‘राज्य करणारा, राज्य करत असलेला’ असा शब्द तयार होतो. एकवचन असं चालतं:

प्रथमा: रेग्नान्स (पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग, तिन्हींत एकच)
द्वितीया: रेग्नंतेम (नपुंसकलिंगात पुन्हा रेग्नान्स)
षष्ठी: रेग्नंतिस
चतुर्थी: रेग्नंती
पंचमी: रेग्नंते किंवा रेग्नंती

अनेकवचनात रेग्नंतेस, नपुंसकलिंगात रेग्नंतिया, षष्ठीला रेग्नंतियुम, चतुर्थी आणि पंचमीला रेग्नंतिबुस.

पहिलं रूप बाकीच्यांपेक्षा वेगळं का दिसतं? मूळ अंग ‘रेग्नंत्’. प्रथमेचा ‘स्’ लागला की ‘न्त्स्’ असा जोडाक्षरांचा गुंता होतो, त्यातला ‘त्’ गळतो आणि आधीचा स्वर लांबतो. बाकी सगळीकडे ‘त्’ जागेवर आहे. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: गच्छन्, गच्छन्तम्. तिथेही प्रथमेत ‘त्’ गायब, द्वितीयेत हजर. हा योगायोग नाही. संस्कृतचा शतृ प्रत्यय आणि लॅटिनचा हा ‘न्त्’ एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत. लॅटिन ‘फेरेन्स, फेरेन्तेम’ आणि संस्कृत ‘भरन्, भरन्तम्’ शेजारी ठेवून बघा. आपली मराठी ‘करीत’, ‘जात’, ‘वाहता’ ही रूपंसुद्धा त्याच घराण्यातली, प्राकृतात फिरून आलेली. फक्त वाटेत त्यांनी ‘न्’ टाकून दिला.

आणखी एक गंमत. ‘असणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाला स्वतंत्र धातुसाधित उरलेलं नाही. ते फक्त जोडशब्दांत सापडतं, प्रेझेंट आणि अॅब्सेंट या शब्दांच्या मुळाशी. ‘समोर असणारा’ आणि ‘दूर असणारा’. संस्कृतात त्याचा सख्खा भाऊ आहे ‘सत्’, अनेकवचनी ‘सन्तः’, आणि त्यातूनच आपला ‘संत’. हजेरीत "प्रेझेंट सर" म्हणणारं पोर आणि देहू-आळंदीचे संत यांचं नातं असं आहे.

पंचमीला दोन रूपं का दिली, तेही सांगते. शब्द निव्वळ विशेषण म्हणून आला, तर ‘रेग्नंती’. क्रियापदाचा जोर ठेवून आला, तर ‘रेग्नंते’. मराठीत ‘वाहतं पाणी’ आणि ‘पाणी वाहत असताना’ यांत जो फरक आहे, साधारण तोच. पहिल्यात पाण्याचा गुण सांगितलाय, दुसऱ्यात घटना चालू आहे. तारखेत येतं ते ‘रेग्नंते’. म्हणजे ‘राज्यकर्ता कार्ल’ असं बिरुद नव्हे. कार्ल राज्य करतोय, ही चालू घटना.

‘वर्तमान’ म्हणजे कधीचं?

इथे नवशिके हमखास फसतात. नाव वर्तमानकालवाचक, म्हणून आपल्याला वाटतं की ‘आत्ता’ असा अर्थ. तसं नाही. हे धातुसाधित ‘आत्ता’ सांगत नाही, ‘तेव्हाच’ सांगतं. वाक्यातलं मुख्य क्रियापद ज्या काळातलं, त्याच काळात ही क्रियाही चालू होती, एवढंच त्याचं म्हणणं. ‘तो हसत आला’ यात ‘हसत’ कोणत्या काळातलं? आला तेव्हाचं. ‘तो हसत येईल’ म्हटलं की तेच ‘हसत’ भविष्यात जातं.

सनदेत मुख्य गोष्ट म्हणजे ‘ही सनद केली’. तेव्हा ‘रेग्नंते कारोलो’चा अर्थ ‘ही सनद केली तेव्हा कार्ल राज्य करत होता’. अनेक सनदा आज मूळ रूपात नाहीत. पुढे मठांनी आपल्या जमिनींच्या वह्या केल्या, त्यांत उतरवून घेतल्या म्हणून टिकल्या. नक्कल करणाऱ्याने ‘रेग्नंते’ जसंच्या तसं उतरवलं. तो शब्द नकलेच्या नव्हे, मूळ व्यवहाराच्या काळाला बांधलेला आहे.

याला व्यवहारात फार किंमत होती. त्या मुलखात जुना व्हिसिगोथिक कायदा चालत असे, आणि त्यात तीस वर्षांच्या ताब्याने जमिनीवर हक्क सांगता येई. त्यामुळे वाद उभा राहिला की सनद कोणत्या वर्षाची, यावर मळा कुणाचा हे ठरू शकत होतं. राजाचं वर्ष ही काही शोभेची ओळ नव्हती.

सति सप्तमी, पण पंचमीत

‘रेग्नंते कारोलो’ ही रचना वाक्यातल्या इतर कशालाही जोडलेली नाही. नाम आणि धातुसाधित दोन्ही पंचमीत, आणि जोडी स्वतंत्र उभी. संस्कृतात हेच काम सप्तमीत होतं: ‘रामे शासति’, राम राज्य करत असताना. या रचनेचं नावच ‘सति सप्तमी’, आणि त्यातला ‘सति’ म्हणजे मघाच्या ‘सत्’चंच सप्तमीचं रूप. ग्रीक भाषा हेच षष्ठीत करते. प्रत्येकीची विभक्ती वेगळी, युक्ती एकच.

या रचनेत ‘असताना’, ‘असल्यामुळे’ आणि ‘असूनही’ यांपैकी नेमकं काय म्हणायचंय, हे लिहिलेलं नसतं. वाचणाऱ्याने ठरवायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राजाच्या नावाने वर्ष मोजणं आपल्याकडेही नवं नाही. गुप्तांच्या शिलालेखांत ‘अभिवर्धमानविजयराज्यसंवत्सरे’ अशा थाटाची वर्षं आहेत. त्यातलं ‘वर्धमान’ हेही वर्तमानकालवाचक धातुसाधितच: राज्य वाढत आहे, विजयी आहे. आणि १६७४ मध्ये शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला, तेव्हा कागदाच्या माथ्यावरची तारीखच सांगू लागली की इथे आता स्वतंत्र राज्य आहे. तारीख घालणं म्हणजे कुणाचं राज्य मानतो ते सांगणं. पिरेनीजच्या पायथ्याशी बसलेल्या पाद्र्यालाही हे पुरतं ठाऊक होतं.

कैदेतला राजा ‘राज्य करत असताना’

आता इतिहास. शार्लमेनच्या घराण्याची सत्ता नवव्या शतकाच्या शेवटी खिळखिळी झाली. ८८८ मध्ये पश्चिम फ्रँकांनी ओडोला राजा केलं. हा पॅरिसचा काउंट, नॉर्मनांच्या वेढ्यात शहर लढवलेला शूर माणूस, पण शार्लमेनच्या वंशातला नव्हे. वंशातला मुलगा चार्ल्स तेव्हा लहान होता. ८९३ मध्ये रॅंसच्या आर्चबिशपने त्याला राज्याभिषेक केला, पण प्रत्यक्ष सत्ता हाती आली ती जानेवारी ८९८ मध्ये ओडो वारल्यावर. इतिहासात तो ‘साधा चार्ल्स’ म्हणून ओळखला जातो.

पुढे त्याचं सरदारांशी फाटलं. ९२२ मध्ये त्यांनी ओडोचा भाऊ रॉबर्ट याला राजा केलं. ९२३ मध्ये स्वासोंच्या लढाईत रॉबर्ट मारला गेला, तरी सरदारांनी चार्ल्सला परत घेतलं नाही. त्यांनी बर्गंडीच्या राऊलला गादीवर बसवलं. चार्ल्सला व्हेर्मांदुआच्या काउंट हेरबेरने दगा देऊन पकडलं आणि ९२९ मध्ये मरेपर्यंत तो कैदेतच होता.

आणि कॅटलोनियातल्या सनदा त्या सहा वर्षांत काय म्हणतात? रेग्नंते कारोलो रेगे. कार्ल राजा राज्य करत असताना!

बातमी पोचली नसेल, असं म्हणाल, तर एखादं वर्ष मीही मानलं असतं. सहा वर्षं नाही. सवयीने लिहिलं असेल, असं म्हणाल, तर थोडं थांबा. चार्ल्स मेल्यावर काय झालं ते आधी बघू. व्याकरणाच्या दृष्टीने ‘रेग्नंते’ सांगतो की ही क्रिया आत्ता, या सनदेच्या वेळी चालू आहे. तुरुंगात बसलेल्या माणसाबद्दल तो शब्द वापरणं म्हणजे वस्तुस्थितीचं वर्णन नव्हे. ती भूमिका आहे: तुमचा राऊल आम्ही मानत नाही.

मग कोण वाट पाहतंय?

चार्ल्स वारला. राऊल जिवंत होता, राज्यही करत होता, ९३६ पर्यंत. तरीही अनेक सनदांत त्याचं नाव येत नाही. त्याऐवजी येतं: चार्ल्स राजाच्या मृत्यूनंतर अमुकाव्या वर्षी. आणि त्याला जोडून एक शेपूट येतं, जे आधी ओडोच्या मृत्यूनंतरही, ८९८ पुढची वर्ष-दोन वर्षं, दिसलं होतं:

क्रिस्तो रेग्नंते, रेगे एक्स्पेक्तंते.

पहिली जोडी सरळ आहे: ख्रिस्त राज्य करत असताना. मघाची संदिग्धता इथे कामी येते. ‘ख्रिस्त राज्य करत असताना’ की ‘राजा नसला तरी ख्रिस्त आहेच, म्हणून’? लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही, आणि बहुधा सांगायचंही नव्हतं.

दुसरी जोडी म्हणजे माझी लाल पेनाची जखम. ‘रेगे’ पंचमी, ‘एक्स्पेक्तंते’ पंचमी, दोघांचं जुळतंय. आणि हे धातुसाधित नेहमी कर्तरी असतं: क्रिया करणाऱ्याचं वर्णन करतं, सोसणाऱ्याचं नव्हे. तेव्हा नियमाने अर्थ एकच: राजा वाट पाहत असताना. पण कोणता राजा? ज्याच्या मृत्यूपासून वर्षं मोजताहेत तो तर गेला. दुसरा कुणी डोळ्यांसमोर असता, तर त्याचं नाव लिहिलं असतं. या सूत्राचा सगळा मुद्दाच हा, की नाव घेण्यासारखा राजा नाही.

मग दोन वाटा उरतात, आणि दोन्ही या प्रत्ययातूनच जातात.

पहिली वाट उच्चाराची. बोलण्यातला शेवटचा ‘म्’ लोकांनी कित्येक शतकं आधीच सोडून दिला होता. द्वितीयेचं ‘रेगेम’ आणि पंचमीचं ‘रेगे’ कानाला एकच. लिहिणाऱ्यांची विभक्तीची पकड सैल झाली होती, हे या सनदांच्या पानोपानी दिसतं. याच सूत्राची ‘म्’ असलेली रूपंही सापडतात. त्याच्या मनात ‘राजाला’ असेल, कागदावर ‘राजा’ उमटला असेल. अर्थ होतो: आम्ही राजाची वाट पाहत असताना.

दुसरी वाट मला जास्त आवडते. समजा, त्याला म्हणायचंय ‘राजाची वाट पाहिली जात असताना’. संस्कृतात हे सहज जमतं: ‘राज्ञि प्रतीक्ष्यमाणे’. कर्मणी ‘य’ घाला, ‘मान’ लावा, झालं. लॅटिनमध्ये मात्र ही जागाच रिकामी आहे. लॅटिनला वर्तमानकालवाचक कर्मणी धातुसाधित नाही. म्हणायचं आहे पण रूप नाही, अशा वेळी माणूस हाताशी असलेलं रूप दामटतो. त्याने कर्तरी रूप दामटलं. शेजारीच ‘क्रिस्तो रेग्नंते’ होतं. त्याच्या ठेक्यावर ‘रेगे एक्स्पेक्तंते’ कानाला छान बसलंही.

दोन्ही वाटांनी अर्थ एकाच ठिकाणी पोचतो: वाट राजा पाहत नाहीये, वाट राजाची पाहिली जातेय. माझी ती दोन पानं मी पुसून टाकली.

आता सवयीचा मुद्दा. निव्वळ साचा असता, तर तो बदलला नसता. पण इथे ओडो असताना ओडो आहे, तो गेल्यावर ख्रिस्त आणि वाट पाहणं आहे, मग चार्ल्स आहे, तो कैदेत असतानाही आहे, आणि तो गेल्यावर पुन्हा वाट पाहणं आहे. प्रत्येक वेळी कुणीतरी थांबून विचार केलाय की आज कुणाच्या नावापुढे ‘रेग्नंते’ लिहायचं. आणि हे एखाद्या दरबारात नाही, एका द्राक्षमळ्याच्या खरेदीखतावर.

मग पुढे?

९३६ मध्ये चार्ल्सचा मुलगा लुई इंग्लंडमधून परतला आणि राजा झाला. वंशातलाच असल्याने सनदांत त्याच्या कारकिर्दीची वर्षं येऊ लागली. ९८७ मध्ये ह्यू कापेतबरोबर घराणंच बदललं, कॅटलोनियाचे काउंट हळूहळू स्वतःच्या पायांवर उभे राहिले, तरी फ्रँक राजांची वर्षं मोजण्याची रीत चालू राहिली. ती थांबवण्याचा ठराव तारागोनाच्या धर्मसभेत झाला, ११८० मध्ये. तिथून पुढे ख्रिस्तजन्मापासूनची वर्षं.

म्हणजे प्रत्यक्ष सत्ता संपल्यावर सुमारे दोनशे वर्षं, कुठलासा पाद्री कुठल्याशा मळ्याच्या खतावर ‘रेग्नंते’ लिहीत राहिला. त्यातलं कुठलं ‘रेग्नंते’ मनापासूनचं आणि कुठलं सवयीचं, हे एकेक सनद हातात घेऊन ठरवावं लागतं. माझ्या पीएचडीचं उरलेलं काम तेच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं, "रूपं पाठ करून काय मिळतं?" तर सांगा, एका ‘म्’वरून राजा वाट पाहतो की प्रजा, ते ठरतं. आणि दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहत बसलात, तर स्वतःला पेशंट म्हणवून घेताना हेही आठवा: रूप कर्तरी आहे, अर्थ मात्र सोसण्याचा!

पुढच्या लेखात साक्षीदारांच्या खुणांबद्दल. तोवर, भेटू.